वाघजाईची डोप टेस्ट

दाजींनी खिशातनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली, कागद सोडवला आणि ती काउंटरवर माझ्यासमोर ठेवली.

"घ्या निगडेसाहेब. शिरीष वाडकर, वय एकवीस, रणभैरव तालीम. तपासा काय तपासायचं ते."

दाजी म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे यजमान, दिनकर सासने. एरवी ते मला 'अरू' म्हणायचे. पण चार महिने आमचं बोलणं बंद होतं, आणि बोलायची वेळ आलीच तर साहेब म्हणूनच बोलायचं, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. त्यांच्या मागं लॅबच्या दारात दोन पंच उभे होते. एक आमच्या वाघजाई तालमीचा, एक त्यांच्या रणभैरवचा. दोघांनीही नाकाला रुमाल लावले होते.

मी बाटली हातात घेतली. अजून कोमट होती.

"शिऱ्या कुठाय?" मी विचारलं.

"सरावाला. फायनल आठ दिवसांवर आलीय. पोराला तुमच्या दारात रांगेला उभं करू काय? त्यानं भरून दिली, मी आणली."

"पंचांसमोर भरली?"

"पंच काय मोरीत शिरणार व्हय?"

यावर दोन्ही पंच एकदमच "नाही, नाही" म्हणाले. गेल्या वीस वर्षांत दोन तालमींचं एखाद्या गोष्टीवर झालेलं ते पहिलं एकमत.

दाजी निघाले तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायाकडं गेलं. ते अनवाणी असायचे, त्यात नवीन काही नव्हतं. रणभैरवनं फुटबॉलचा चषक आणेपर्यंत पायात चप्पल घालायची नाही, असा त्यांचा नवस होता आणि तो तिसऱ्या वर्षात गेला होता. पण आज उजव्या पायाला फडकं बांधलेलं होतं.

"पायाला काय झालं?"

"काच लागलीय. झाले पंधरा दिवस. दुखत न्हाई काही न्हाई." एवढं बोलून ते पायऱ्या उतरून गेले.

ही गोष्ट कोल्हापुरातली, जिथं तालमी कुस्तीपेक्षा फुटबॉलवरनं जास्त भांडतात, आणि एकोणीसशे पंच्याण्णवच्या फेब्रुवारीतली. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो आणि एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. पेठेत मला सगळे डॉक्टर म्हणायचे. दिवसभर मी लोकांच्या लघव्या तपासायचो, पण पांढरा कोट घालून तपासायचो. कुणी 'डॉक्टर' अशी हाक मारली की मी ती दुरुस्त करत नसे. एकदा तर ऐकू आली नाही असं दाखवून ती दुसऱ्यांदा मारायला लावली होती.

सगळं सुरू झालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात. विश्वचषक चालू असताना अर्जेंटिनाच्या त्या दहा नंबरवाल्याला उत्तेजक घेतलं म्हणून बंदी घातली आणि घरी पाठवलं. आमच्या पेठेत त्या दिवशी निम्म्या घरांत चूल पेटली नाही आणि निम्म्या घरांत पेढे वाटले. आमच्याकडं माणूस जन्माला आला की त्याची तालीम ठरते आणि कळता झाला की ब्राझील का अर्जेंटिना ते ठरतं. तिसरा पर्याय नाही. एकदा एका जावयानं जर्मनी म्हणून बघितलं होतं, त्याला पाच वर्षं कुणी गंभीरपणे घेतलं नाही.

तालमीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी त्या बंदीवर चर्चा चालायची. अर्जेंटिनावाले म्हणायचे, सर्दीची गोळी घेतली होती बिचाऱ्यानं. ब्राझीलवाले म्हणायचे, मग आम्हालापण सर्दी होते, आम्ही का असं पळत नाही? शेवटी आमच्या तालमीचे अध्यक्ष नाना घोरपडे माझ्याकडं वळले.

"डॉक्टर, तू सांग. ते लघवीत कळतंय काय?"

मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. तीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी पेपरात वाचलेलं नाव आठवलं आणि म्हणालो, "इफेड्रिन. कळतं की. आमच्या लॅबमध्येसुद्धा निघेल."

हे सपशेल खोटं होतं. आमच्या लॅबमध्ये लघवीतली साखर निघायची, अल्बुमिन निघायचं आणि बाई गरोदर आहे की नाही ते निघायचं. बस. पण त्या संध्याकाळी मी घरी गेलो तो छाती काढून गेलो.

मग आला नोंदणीचा आठवडा. आमच्याकडं हंगामाच्या आधी दोन दिवस असोसिएशनच्या कचेरीत खेळाडूंनी कुठल्या तालमीकडून खेळायचं ते सही करून सांगायचं असतं. त्यामुळं त्याआधीचा आठवडा पळवापळवीचा. प्रत्येक तालीम आपले चांगले खेळाडू लपवून ठेवते. कुणाला पन्हाळ्यावर, कुणाला मळ्यात, कुणाला मामाच्या गावाला. शिऱ्या वाडकर आमचा हुकमी स्ट्रायकर, आणि त्याला सांभाळायची कामगिरी माझ्यावर होती. का, तर मी शिकलेला.

सहा दिवस मी त्याला डोळ्यात तेल घालून सांभाळला. सातव्या दिवशी सकाळी आक्काचा निरोप आला. आक्का म्हणजे माझी बहीण, शालन. "मटण केलंय, तांबडा-पांढरा दोन्ही रस्सा हाय, जेवायला ये. कोण असंल बरोबर तर त्यालाबी आण." आक्काच्या मनात काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. तिच्या नवऱ्यानं तिला मटण आणून दिलं आणि भावाला बोलाव म्हणून सांगितलं, याचाच तिला आनंद झाला होता. मी शिऱ्याला घेऊन गेलो. पांढरा रस्सा मी चार वाट्या प्यालो. दाजी आग्रह करून वाढत होते. मग म्हणाले, "पड की जरा आतल्या खोलीत. फॅन लावलाय."

मी पडलो. उठलो तेव्हा साडेपाच वाजले होते आणि शिऱ्या रणभैरवचा झाला होता.

पुढचे चार महिने माझे कसे गेले ते विचारू नका. मी कट्ट्यावर दिसलो की कुणीतरी हळूच विचारायचं, "डॉक्टर, जेवलास?" दाजींशी मी बोलणं टाकलं. आक्काच्या घरी जाणं टाकलं. भाऊबीजेला तीच ताट घेऊन आमच्याकडं आली आणि ओवाळताना म्हणाली, "मटण चांगलं झालं नव्हतं काय रे?" तिला खरोखरच काय झालं ते नीट कळलेलं नव्हतं. मी म्हणालो, "चांगलं झालं होतं, तेच तर झालं."

हंगाम सुरू झाला. आमच्याकडं असताना दहा सामन्यांत चार गोल करणाऱ्या शिऱ्यानं तिकडं सहा सामन्यांत अकरा मारले. आमच्या तालमीच्या दारात एक फळा असतो. त्यावर खडूनं बातम्या लिहायच्या, वाढदिवस लिहायचे, दुसऱ्या तालमीला टोमणे मारायचे. माझं अक्षर वळणदार, त्यामुळं फळा माझ्याकडं. उपांत्य सामन्यात शिऱ्यानं तीन गोल मारले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लिहिलं:

'वाघजाईत दहा सामन्यांत चार. रणभैरवात सहा सामन्यांत अकरा. पाणी बदललं की गोळी? – एक जागृत नागरिक.'

अख्खी पेठ येऊन वाचून गेली. मी समोरच्या चहाच्या दुकानात बसून लोकांचे चेहरे बघत होतो. इतका चहा मी त्या दिवशी प्यालो की रात्री डोळा लागला नाही. सकाळी रणभैरवच्या फळ्यावर उत्तर होतं:

'आमच्या खेळाडूची वाटेल ती तपासणी करा. तुमच्या डॉक्टरला एवढं एकच काम येतं.'

खाली सही नव्हती, पण 'डॉक्टर'मधला तो चुकीचा 'ऑ' दाजींचाच होता.

आता मागं सरायची सोय नव्हती. नानांनी आव्हान स्वीकारलं, दोन्हीकडचे पंच ठरले, शनिवारचा दहाचा मुहूर्त ठरला. अशा रीतीनं बहुधा भारतातली पहिली पेठ पातळीवरची डोप टेस्ट माझ्या हातात येऊन पडली, आणि ती कशी करायची हे मला माहीत नव्हतं.

दाजी गेल्यावर मी बाटलीकडं बघत बसलो. आमचे साहेब, म्हणजे खरे डॉक्टर, शनिवारी साडेअकराला यायचे. त्याआधी काहीतरी करणं भाग होतं. म्हणून मला येत होतं ते केलं. गरोदर नाही, एवढं तर मी छातीठोकपणे सांगू शकलो असतो. अल्बुमिन पाहिलं. मग साखरेची परीक्षा लावली. तेव्हा ती अशी असायची: नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि तापवायचं. साखर नसली तर निळा रंग निळाच राहतो. असली तर हिरवा, मग पिवळा, मग नारिंगी, आणि फारच असली तर विटेसारखा तांबडा.

आमच्या वाघजाईचा बनियन निळा. रणभैरवचा तांबडा. माझ्या हातातली नळी बघता बघता निळ्याची तांबडी झाली. शिऱ्यानंतर तालीम बदलणारी ती दुसरी.

मी परत लावून बघितली. परत तांबडी.

एकवीस वर्षांचं पोरगं, आणि एवढी साखर. शिऱ्या माझ्या हातावर तुरी देऊन गेला होता हे खरं, पण त्याला पहिले बूट मी आणून दिले होते. संध्याकाळी सहाला मी मैदानावर गेलो. रणभैरवचा सराव संपत आला होता. शिऱ्या मला बघून आधी पळायच्याच बेतात होता.

"थांब," मी म्हणालो. "मारायला आलो नाही. तुला फार तहान लागते काय रे? रात्री उठावं लागतं?"

"का?"

"तुझ्या लघवीत साखर आहे. खूप आहे. डॉक्टरांना दाखव, हलगर्जी करू नको."

शिऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि तो हसायला लागला. "कुणाच्या लघवीत?"

"तुझ्या. सकाळी दिलेली."

"मी कशाला देऊ? मी काय चोरबीर हाय? मी दाजींना सांगितलं, असलं काय मी करणार न्हाई, माझी इज्जत हाय. ते म्हणाले, तू फक्त गोल मार, बाकीचं माझ्याकडं लागलं."

"मग ती बाटली कुणाची?"

"मला काय ठावं. त्यांचीच असंल."

ती कोमट बाटली मला तिथं, मैदानाच्या कडेला, परत हातात आल्यासारखी वाटली. त्यांचीच होती. आणि नळीतली साखर, फडक्याखाली पंधरा दिवस न भरलेली जखम, आणि 'दुखत न्हाई काही न्हाई'. या तीन गोष्टी एका कागदावर आल्या की साहेब काय म्हणतात ते मी शंभर वेळा ऐकलं होतं. दुखत नाही हेच वाईट, असं ते म्हणायचे. शिऱ्याला कळलं नाही, पण मला कळलं. डॉक्टर नव्हतो तरी एवढं कळत होतं.

आता माणूस असता तर मैदानावरनं सरळ आक्काच्या घरी गेला असता. दहा मिनिटांची वाट होती.

मी नानांच्या घरी गेलो.

"नाना, त्यांनी बाटली बदलली," मी म्हणालो. पळत आल्यामुळं मला धाप लागली होती. "शिऱ्यानं दिलीच नाही. दाजींनी स्वतःची दिली."

नाना पलंगावरनं उठून उभेच राहिले. "म्हणजे घेतोय शिऱ्या. घेत असणार. न्हाईतर बदलायची का?"

"घेत असो नसो. मोठ्या स्पर्धेत नमुना दिला नाही तर बंदीच असते," मी म्हणालो. हे मात्र पेपरात वाचलेलं होतं आणि खरं होतं. "फायनलच्या आधी अर्ज द्यायचा. शिऱ्याला खेळू द्यायचं नाही."

"कधी द्यायचा?"

त्या बैठकीत सगळ्यात हुशार मीच होतो, म्हणून युक्तीही माझीच. "आज दिला तर ते उद्या शिऱ्याची खरी बाटली घेऊन येतील आणि आपला अर्ज फुसका होईल. सामन्याच्या पंधरा मिनिटं आधी द्यायचा. तोवर कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही."

"पण ती बाटली सासनेचीच हे सांगणार कशावरनं?" नानांनी विचारलं. "पुरावा?"

"त्यात साखर आहे. शिऱ्याची आणि दाजींची दोघांची परत तपासा म्हणायचं."

नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मटणाचा वचपा निघाला बघ, डॉक्टर."

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मधुमेह आहे, हे वाक्य त्या दिवशी मी तीन वेळा उच्चारलं असेल. तिन्ही वेळा पुरावा म्हणून.

दाजींना सांगितलं असतं तर ते पहिलं विचारणार होते की तुला कसं कळलं. आणि मग सगळा डाव उघडा पडला असता. म्हणून मी स्वतःची समजूत घातली: आठच दिवस आहेत. साखर काय आजची आहे? वर्षभर असणार. आठ दिवसांनी काय बिघडतंय? लॅबमध्ये एखाद्या पेशंटनं असं म्हटलं असतं तर मी त्याला झापला असता. झापायचोच मी, पांढरा कोट घालून.

बुधवारी दुपारी आक्का लॅबमध्ये आली. ती कधी तिथं आली नव्हती. बाकावर पेशंटांच्या रांगेत बसून राहिली आणि माझा हात मोकळा झाल्यावर काउंटरपाशी आली.

"अरू, तू येत न्हाईस ते येत न्हाईस. मी काय म्हणत न्हाई त्याला. पण ह्यांच्या पायाकडं जरा बघून जा की."

"काय झालंय?"

"बोटं काळी पडाय लागल्यात. वास येतोय रे. मी हळद लावली, चुना लावला. दवाखान्यात चला म्हटलं तर ओरडतात. तुझं ऐकतील. कितीबी भांडलं तरी तुला ते मानतात."

मी रजिस्टरमध्ये नाव लिहीत होतो. कुणाचं नाव, ते आठवत नाही. लिहीत राहिलो एवढं आठवतं.

"आक्का, रविवारी फायनल आहे," मी म्हणालो. "ती झाली की लगेच येतो. सोमवारी सकाळी."

आक्का जराशी हसली. "त्येबी हेच म्हणाले. फायनल झाल्यावर बघू."

ती पिशवी उचलून गेली. दारातनं तिनं एकदा वळून बघितलं. मी तिला 'थांब' म्हणणार होतो, हे मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलंय. पण ते खरं नाही. मी पुढचं नाव पुकारलं.

रविवारी स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला निळं, एका बाजूला तांबडं. मी अर्ज स्वतः लिहिला होता, चार प्रती काढल्या होत्या, आणि खाली 'लॅब टेक्निशियन' असं लिहिताना टेक्निशियन शब्द जरा बारीक अक्षरात लिहिला होता. पावणेचारला आम्ही तो कमिटीच्या टेबलावर ठेवला. कमिटीचे प्रमुख निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला, मग नियमावलीचं पुस्तक काढलं आणि तेही चाळलं.

"ह्यात लघवी हा शब्दच नाही," ते म्हणाले.

"पण साहेब, नमुना बदललाय."

"कसला नमुना? आम्ही मागितला होता काय? तुम्ही आपापसांत काहीही बाटल्या द्याल घ्याल. चला, संघ खाली उतरवा."

एवढ्यावर ते संपलं असतं. पण नानांनी चार प्रतींतली एक माईकवाल्याच्या हातात दिली होती, आणि त्यानं ती वाचायला सुरुवात केली. 'रणभैरव तालमीचे सचिव श्री. दिनकर सासने यांनी शिरीष वाडकरच्या नावे स्वतःची...' त्याच्या पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. तांबड्या बाजूनं पहिली चप्पल आली. निळ्या बाजूनं उत्तर गेलं. मग बाटल्या, मग खुर्च्या. पंच शिट्टी वाजवत पळाले, खेळाडू बनियन उलटे करून पळाले, आणि पोलीस आत आले. सामना चालू व्हायच्या आधीच रद्द झाला.

मी कुंपणाच्या कडेनं बाहेर पडत होतो, तर तांबड्या बाजूच्या पायऱ्यांवर एक माणूस एकटाच बसलेला दिसला. सगळे पळत होते आणि तो बसला होता. दाजी. फडकं सुटून लोंबत होतं.

मी जवळ गेलो. वास आधी आला. मग पाय दिसला.

"दाजी, उठा."

"उठतोय की," ते म्हणाले, पण उठले नाहीत. डोळे लाल झाले होते. हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. "अरू, थंडी वाजतीय बघ जरा."

मी त्यांना पाठीवर घेतलं. अंगात निळा बनियन आणि पाठीवर रणभैरवचा सचिव, असा मी स्टेडियमच्या दारातनं निघालो. निळ्यांनी मला शिव्या दिल्या, फितूर म्हणून. तांबड्यांनीही दिल्या, त्यांच्या माणसाला पळवून नेतोय म्हणून. पळवापळवीतला तेवढा एकच खेळाडू मी आयुष्यात यशस्वीपणे पळवला.

दवाखान्यात रात्रीपर्यंत पायाची तीन बोटं काढली. तरुण सर्जन होते. त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं, म्हणून ते मोकळेपणानं बोलले. "घरात कुणाला कळलं नाही? आठवडाभर आधी आणलं असतं तर औषधावर राहिलं असतं कदाचित. निदान दोन बोटं तरी."

"नाही कळलं," मी म्हणालो.

आक्का त्या दिवसापासून तिथंच होती. घरनं कुणीतरी तिला रिक्षात घालून आणलं होतं, ती आली ती आलीच. आंघोळीपुरती घरी जायची. मी लॅब सुटली की रोज जायचो आणि पायाकडची बाजू सोडून बसायचो.

पाचव्या दिवशी दाजींना जरा हुशारी आली. आक्का बाहेर चहा आणायला गेली होती. दाजींनी उशी सरकवून घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "अरू, तुला कधी कळलं? बाटली माझी म्हणून?"

'रविवारी' असं माझ्या जिभेवर आलं होतं. ते म्हणायला काहीच अडचण नव्हती. शिऱ्या बोलला नसता, नाना बोलले नसते.

"शनिवारी," मी म्हणालो. "तुम्ही दिलीत त्याच दिवशी. संध्याकाळी शिऱ्याला भेटलो होतो."

"म्हणजे फायनलच्या आधी आठ दिवस."

"हो."

"साखर कळली, ती?"

"तीपण त्याच दिवशी."

दाजी छताकडं बघत राहिले. मी शिवीची वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मला ती हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी नावानं शिवी द्यावी असं वाटत होतं.

"सांगितलं असतंस," ते सावकाश म्हणाले, "तर तुला कळलंय हे मला कळलं असतं."

"हो."

"आणि मग मी शिऱ्याला धरून खरी बाटली आणली असती."

"हो."

"म्हणजे अर्ज गेला."

"गेलाच."

मग त्यांच्या मिशा हलल्या.

"मीबी तेच केलं असतं," ते म्हणाले.

आणि हसले. मला आधी कळेना, मग मीही हसलो. चार महिन्यांत पहिल्यांदा आम्ही एकत्र हसत होतो. त्यांना हसताना पाय दुखत होता, तरी थांबेना. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा आमच्याकडं बघून उगाच हसायला लागला. शिऱ्या पुढच्या वर्षी तिसऱ्याच तालमीत जाणार अशी बातमी मी दाजींना सांगितली, त्यावर परत हसलो. मला इतकं हलकं वाटलं की दाजींनी मला माफ केलं, म्हणजे प्रकरण मिटलं, असंच मी धरून चाललो.

वळून बघितलं तर आक्का दारात उभी होती. हातात थर्मास होता. किती वेळ उभी होती कोण जाणे, पण पुरेसा वेळ उभी होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

ती आत आली. दाजींच्या पायावरची चादर एका बाजूला गेली होती, ती सारखी केली. मग माझ्याकडं बघून विचारलं, "मग जिंकलं कोण?"

तिला खरंच माहीत नव्हतं. पाच दिवस ती त्या खाटेपासून फारशी हलली नव्हती, आणि तिला सांगायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"कुणीच नाही, आक्का," मी म्हणालो. "सामना झालाच नाही."

"बरं," ती म्हणाली.

तिनं थर्मास उघडला आणि दोन कपांत बिनसाखरेचा चहा ओतला. एक दाजींच्या हातात दिला. दुसरा तिनं तिथंच उभ्यानं, खिडकीबाहेर बघत प्यायला. मला तिनं विचारलं नाही, आणि मी मागितला नाही.